पंख मोजायची खोड

फेब्रुवारीतली दुपार, गच्चीतली कोथिंबीर फुलोऱ्यावर गेलेली, अन् त्यावर काळेपिवळे पट्टेवालं काहीतरी हवेत एकाच जागी थांबून राहिलं होतं. भाचा ओरडला, मामा मधमाशी, पळ! म्हटलं थांब बे, बसू दे, मग पंख मोज. दोनच निघाले. मधमाशीला चार असतात, ही साधी माशी, डंख ना काही, नुसता मधमाशीचा ड्रेस घालून पक्ष्यांना घाबरवते. मागच्या पंखांच्या जागी दोन बारक्या गाठी, उडताना तोल त्याच सांभाळतात.

कोणी सरसकट 'किडा' म्हटलं की मला राहवतच नाही. शाळेत काडीपेटीत सोनकिडा पाळायचो, बाभळीचा पाला घालून, अन् गणिताच्या तासाला बेंचखाली हळूच उघडून पाहायचं अंडी घातली का. त्याची ती हिरवी चमचमती पाठ म्हणजे खरं तर पुढचे पंख, कडक झालेले, उडायचे पंख त्याखाली घडी करून ठेवलेले. भुंगेऱ्यांचा अख्खा गण, म्हणजे किड्यांचा मोठा गट, असाच, जवळपास चार लाख जाती, जास्तच पसारा आहे बाप्पा त्यांचा. मृगाचा लाल मखमली किडा मात्र पाय मोजले की बाद, किड्याला सहा, याचे आठ निघतात, तो कोळ्यांच्या नात्यातला. वाळवीला तर आता झुरळांच्याच गणात टाकलंय. आईला सांगितलं, ती म्हणे कुठंही टाका, माझ्या घरात नको.

पण पंखांपेक्षा तोंड पाहावं. ढेकूण, मावा, तुडतुडे, तिघं एकाच गणातले, टोचून रस ओढणाऱ्या सोंडेचे. बोंडअळी पतंगाचं पोर, ती कुरतडून खाते. बीटी कापसाच्या झाडातच जे विष तयार होतं, ते कुरतडणाऱ्या अळीसाठी आहे, सोंडवाल्यांना त्याचं काही होत नाही, त्यांच्यासाठी फवारा. मग गुलाबी बोंडअळी तेही विष पचवायला लागली, आता तिच्यासाठीही फवारा. वावरात पंप पाठीवर घेतलेल्या माणसाला दुकानदार जी बाटली देईल ती, कोण कुठल्या गणातलं हे विचारायला वेळ कोणाला, अन् कपाशी डोक्याइतकी वाढलेली, फवारा तोंडावरच येतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेनं 20 च्या वर माणसं गेली, त्यातले बरेच दुसऱ्याच्या वावरात रोजीनं फवारणारे होते.