उणे पाच

प्रश्नमंजूषेच्या बझर फेरीत चुकलं की उणे पाच, हा नियम मीच घालून दिलेला आहे. तो नसेल तर पोरं प्रश्न संपायच्या आत बझर बडवतात आणि फेरीचा मासळीबाजार होतो. पण गेल्या महिन्यात हे उणे पाच ज्या मुलाच्या खात्यावर लागले, त्याचा हिशेब अजून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

मी नाशिकला स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासमध्ये सामान्य ज्ञान शिकवते आणि डिसेंबर ते फेब्रुवारी आंतरशालेय प्रश्नमंजूषा घेते. ती आमची लगीनसराई. माईक धरायचा आणि प्रश्न वाचायचे, एवढंच हे काम आहे असं लोकांना वाटतं. पास झालेला प्रश्न पुढच्या संघाला मिळतो, त्यामुळे कच्च्या संघाशेजारी बसणाऱ्याचं फावतं, हे प्रेक्षकांच्या लक्षातही येत नाही. म्हणून अर्ध्या फेरीनंतर मी दिशा उलटी करते. दुसऱ्या रांगेतल्या शिक्षकांना पाचव्या रांगेत बसवते, कारण त्यांच्या ओठांची हालचाल मुलांना वाचता येते. (मलाही येते.)

साठ प्रश्नांच्या कार्यक्रमासाठी दीडशे कार्डं लिहायची. त्यातली नव्वद बाद होतात आणि खरी मेहनत त्या बाद करण्यात आहे. काही उत्तरं नासतात. शनीला चंद्र किती, हे विचारायचं मी सोडून दिलं, कारण मार्च 2025 मध्ये एका फटक्यात 128 नवे चंद्र मान्य झाले आणि आकडा 274 वर गेला. एव्हरेस्ट 2020 च्या डिसेंबरात 8848 वरून 8848.86 मीटर झालं. बाजारातल्या गाइडांना याचं सोयरसुतक नाही. त्यांच्यात हॉकी अजून आपला राष्ट्रीय खेळ आहे. प्रत्यक्षात असा कुठला खेळ सरकारने जाहीरच केलेला नाही.

‘पहिला’ हा शब्द आला की तर मी पेन खालीच ठेवते. त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 चा. पण दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ त्याच्या वर्षभर आधीचा, 18 मे 1912 चा. तो रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होता, म्हणून ‘पूर्ण लांबीचा भारतीय कथापट’ असं म्हटलं की फाळके निर्धास्त. खाशाबा जाधवांचं 1952 चं हेलसिंकी ऑलिंपिकचं पदक ‘स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक’ असं लिहायचं, नाहीतर कोणीतरी 1900 चा नॉर्मन प्रिचर्ड काढतो. मी असे चार शब्द जास्त घालते म्हणून सहकारी मला वकीलबाई म्हणतात. म्हणोत.

चांगल्या प्रश्नाला मुठीत धरायला दांडा लागतो, म्हणजे उत्तर पाठ नसलं तरी त्याच्यापर्यंत पोचता आलं पाहिजे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, त्याचा वध कधी झाला, हा माझ्या लेखी प्रश्नच नाही, ती उजळणी झाली. मी विचारते: 21 डिसेंबर 1909 च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात देवलांचं एक नाटक होतं, म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावण्याबद्दलचं, ते कोणतं? ज्याला तारीख ठाऊक नाही तोसुद्धा ‘संगीत शारदा’पर्यंत येतो. आल्यावर त्याचा चेहरा बघावा.

आणि ते हेलियम. आपल्याकडे सर्रास सांगतात की लॉकियर साहेबाने 1868 च्या ग्रहणात विजयदुर्गावरून हेलियम शोधला. मला ते पचेना. तीन दिवस वाचनालयात घालवले. 1868 च्या ऑगस्टात सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेघ पाहिली ती गुंटूरला आलेल्या जान्सेन या फ्रेंच माणसाने. लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, इंग्लंडात बसून पाहिली. विजयदुर्गाला तो आला खरा, पण जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. तीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन गोष्टी लोकांनी एकत्र शिवून टाकल्यात. ते कार्ड मी अजून अभिमानाने दाखवते.

तर अशी मी.

अंतिम फेरी गंगापूर रोडवरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. प्रमुख पाहुणे पन्नास मिनिटं बोलले, त्यामुळे दृक्‌श्राव्य फेरी रद्द करून आम्ही थेट बझरवर आलो. चार संघ. इगतपुरीजवळच्या घोटीच्या पुढून आलेला एक संघ होता, दोघांचा. त्यातला बुटका, बाह्या दुमडलेला मुलगा भयंकर वेगवान. खाशाबांचा प्रश्न त्याने ‘हेलसिं’वरच उचलला. आगाऊही होता, आवर्त सारणीच्या प्रश्नात उगाच घुसून एकदा पाच गुण घालवून बसला होता. तरी शेवटचे तीन प्रश्न उरले तेव्हा तो आघाडीवर होता.

मी कार्ड उचललं. “नाशिक जिल्ह्यातील सर्वोच्च शिखर कोणते?”

बझर. “कळसूबाई.”

“चूक. प्रश्न नाशिक जिल्ह्याचा आहे. कळसूबाई नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात.”

“मॅडम, पण आम्ही आमच्याच बाजूने चढतो. नवरात्रात.”

मी हजरजबाबी आहे, असं माझं मला वाटतं. म्हटलं, “चढता कुठूनही येतं रे, त्याने जिल्हा बदलत नाही.” हॉल हसला. टाळ्याही पडल्या. तो खाली बसला. प्रश्न खुला झाला, शेजारच्या संघाने ‘साल्हेर’ म्हटलं, दहा गुण घेतले. शेवटी तोच संघ जिंकला, पाच गुणांनी.

रात्री घरी कार्डं लावताना ते कार्ड हातात आलं. त्यावर माझ्याच अक्षरात एक ओळ खोडलेली होती: ‘महाराष्ट्रातील सर्वात उंच किल्ला कोणता?’ मूळ प्रश्न तो होता. उत्तर साल्हेर, 1567 मीटर, बागलाण तालुका, बिनतक्रार. पण साल्हेर प्रत्येक गाइडात आहे, पोरं झोपेत सांगतात. म्हणून उत्तर तेच ठेवून मी प्रश्न फिरवला. कळसूबाई 1646 मीटरची, पण ती ‘नगरची’, म्हणजे नाशिकला उरलं साल्हेर. कार्डाच्या कोपऱ्यात मी दोन स्रोतांच्या दोन बरोबरच्या खुणा करते. तिथे दोन्ही होत्या. त्या जुन्या प्रश्नाच्या होत्या.

नकाशा काढला. कळसूबाईची रांग म्हणजेच इगतपुरी आणि अकोले तालुक्यांची शीव. एका अंगाला नाशिक, दुसऱ्या अंगाला नगर. शिवेवरच्या डोंगराला ‘जिल्ह्यातील’ हा शब्द लावायचाच नसतो. मीच क्लासमध्ये शिकवते हे. मग कळसूबाई नगरची असं मी इतक्या ठामपणे कशावरून म्हटलं? मागे मागे जात राहिले तेव्हा सापडलं. आम्ही सगळे बारी गावातून चढतो, त्या लोखंडी शिड्यांच्या वाटेने, आणि बारी अकोल्यात आहे. म्हणून कळसूबाई अकोल्याची. कुठून चढता यावरून जिल्हा ठरत नाही, असं त्या पोराला भर हॉलमध्ये ऐकवणाऱ्या बाईने स्वतःचा जिल्हा बरोब्बर तसाच ठरवलेला होता.

विजयदुर्गासाठी तीन दिवस. घोटीच्या पलीकडच्या डोंगरासाठी तीन मिनिटंही नाहीत.

हिशेब तर सोपा होता. प्रश्न रद्द धरला की त्याचे उणे पाच परत येतात, समोरच्यांचे दहा जातात आणि तो दहा गुणांनी जिंकतो. त्याचं उत्तर मान्य केलं तर वीस गुणांनी. सकाळी आयोजकांच्या चिटणिसांना फोन केला. ते ऐकून घेत होते, पण मागे कोणाला तरी चहा सांगत होते. म्हणाले, “अहो मॅडम, फोटो छापायला गेले. ढाल त्यांच्या कपाटात लागली. आणि नियम क्रमांक नऊ काय म्हणतो? सूत्रसंचालकांचा निर्णय अंतिम राहील. सूत्रसंचालक कोण? तुम्ही. आता तुमच्याच निर्णयाविरुद्ध तुम्ही तक्रार करता?”

नियम नऊही माझाच. पालक वाद घालतात म्हणून घातला होता.

जिंकलेल्या संघाची काही चूक नव्हती, त्यांच्याकडून ढाल मागणार कशी? दोन ढाली द्या म्हटलं, तर खर्चाचं बोलणं निघालं. मी देते म्हटलं, तर ‘पायंडा पडेल’.

शेवटी त्या मुलाच्या सरांचा नंबर मिळवला आणि जे झालं ते सगळं सांगितलं. शिवेचं, खुणांचं, बारीचं. आवाज स्थिर ठेवणं जड जात होतं. सर मोकळे, हसतमुख माणूस. म्हणाले, “मॅडम, कशाला मनाला लावून घेता. पोरगं दुसऱ्या दिवशी विसरलं. मी त्याला समजावलं, आपल्याला काय वाटतं ते स्पर्धेत सांगायचं नसतं. आता त्याचं पक्कं पाठ आहे. पुढच्या वर्षी विचाराच तुम्ही, तो साल्हेरच सांगेल.”