नवऱ्याच्या व्हिसासाठी पगार किती लागतो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. इथे इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये एखादी मराठी मुलगी भेटली आणि माझे पती सांगलीहून इकडे आले हे तिला कळले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "ताई, नवऱ्याला आणायला पगार किती लागतो, आणि तुम्ही तो कसा बसवलात?" उभ्या उभ्या याचे उत्तर देताना माझ्याकडून नेहमी काहीतरी सांगायचे राहून जाते.

आकडा सांगायला वेळ लागत नाही. ब्रिटनचे नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या व्यक्तीला परदेशातील जोडीदार आणायचा असेल, तर ११ एप्रिल २०२४ पासून तिचे उत्पन्न वर्षाला किमान २९,००० पाउंड असावे लागते, आणि ते कर कापण्याआधीचे धरतात. त्याआधी, जुलै २०१२ पासून, ही अट १८,६०० पाउंडांची होती. पुढे ती ३८,७०० पर्यंत नेण्याची घोषणा झाली होती, पण ती वाढ थांबवण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये येथील किमान वेतन तासाला १२.२१ पाउंड झाले. त्या दराने आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे काम केले तरी २५,४०० पाउंडही होत नाहीत. म्हणजे पूर्ण वेळ राबणारी, कोणाचे काही देणे न लागणारी बाईसुद्धा या नियमापुढे अपुरी ठरते. हे मला अन्यायाचे वाटते आणि मी ते कोणापुढेही म्हणते.

मात्र माझे घोडे आकड्यावर अडले नाही, ते महिन्यांवर अडले. मी वृद्धांच्या एका केअर होममध्ये तासांच्या हिशेबाने काम करते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मी सीनियर झाले आणि महिन्याचा पगार सुमारे २,१०० वरून २,५४० पाउंडांवर गेला. २,५४० गुणिले बारा म्हणजे ३०,४८०, तेव्हा आपण अटीत बसलो असे धरून मी मार्चअखेर अर्ज करायचे ठरवले. एकाच मालकाकडे सहा महिने झाले असतील आणि पगार तासांवर असेल, तर त्या सहा महिन्यांची सरासरी काढून तिच्यावरून वर्षाचे उत्पन्न ठरवतात. सहा पेस्लिपा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळीने मांडल्या, तेव्हा डिसेंबरच्या पेस्लिपेवर माझी नजर थांबली. त्या महिन्यात सासूबाईंचे ऑपरेशन होते आणि मी बिनपगारी रजा काढून सांगलीला गेले होते, त्यामुळे त्या पेस्लिपेवर १,३९० पाउंडच होते. पाच महिन्यांचे १२,७०० आणि हे १,३९० मिळून १४,०९० झाले, त्याची दुप्पट २८,१८०. मी ८२० पाउंडांनी कमी पडले होते. ज्या माणसांसाठी हा सगळा खटाटोप चालला होता, त्यांच्या उशाशी बसायला गेले म्हणून कमी पडले, हे त्या रात्री मला फार लागले.

मग वाटा शोधल्या. पहिली वाट बचतीची. उत्पन्नात जेवढी तूट असेल तिची अडीच पट आणि त्यावर १६,००० पाउंड एवढी शिल्लक सहा महिने आपल्या ताब्यात असेल, तर तूट भरून निघते. माझ्या ८२० पाउंडांसाठी १८,०५० पाउंड दाखवावे लागले असते. उत्पन्न मुळीच न दाखवता केवळ बचतीवर अर्ज करायचा असेल, तर हा आकडा ८८,५०० होतो. बचत पती-पत्नींपैकी कोणाच्याही नावावर चालते, भारतातील मुदत ठेवही ती कधीही मोडता येत असेल तर चालते, आणि रुपयांचे पाउंड अर्जाच्या दिवशीच्या दराने धरतात. आम्हा दोघांची मिळून तेवढी शिल्लक नव्हती. सासरे म्हणाले, "पैशांचं मी बघतो, काळजी करू नकोस." पण कोणी मदत करण्याचे वचन दिले म्हणून ते उत्पन्नात धरत नाहीत. त्यांनी पैसे बक्षीस म्हणून आमच्या खात्यात टाकले असते, तरी ते तिथे सहा महिने राहायला हवे होते, आणि तेवढ्या काळात डिसेंबरची पेस्लिप आपोआप मागे पडणार होती.

दुसरी वाट नोकरी बदलण्याची होती. दुसऱ्या एका ठिकाणी तासाला जास्त मिळत होते आणि मी जवळजवळ होकार कळवला होता. तुम्हांला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते इथेच. नोकरीला सहा महिने झाले नसतील, तर दोन कसोट्या लागतात: आताचा पगार वर्षाच्या हिशेबाने २९,००० भरला पाहिजे आणि मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष हाती आलेली मिळकतही तेवढी भरली पाहिजे. माझे मागचे बारा महिने जुन्या पगारासकट २६,६९० च होते. वाढीव पगाराच्या आनंदात अर्जाच्या तोंडावर नोकरी बदलून मुलींचे वर्ष लांबलेले मी पाहिले आहे.

तेव्हा मी थांबले. जानेवारी ते जून असे सहा महिने पूर्ण भरेपर्यंत एकही बिनपगारी रजा घ्यायची नाही असे ठरवले, आणि सासूबाईंच्या टाक्यांची चौकशी फोनवरूनच केली.

त्या काळात कागद नीट लावले. पेस्लिपेवर हाती पडणारी रक्कम २,०६३ पाउंड ४७ पेन्स असेल, तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये त्याच महिन्यात तीच रक्कम, पेन्सांसकट, जमा झालेली दिसली पाहिजे. म्हणून पगार रोख घेणाऱ्या मुलींना मी आधी तो बँकेत घ्यायला लावते. मालकाच्या पत्रात पद, नोकरी कायम की तात्पुरती, पगार, नोकरी कधीपासून आणि हा पगार कधीपासून, या सर्व गोष्टी लागतात. माझ्या पहिल्या पत्रात शेवटची ओळच नव्हती. मी ते पुन्हा लिहून घेतले, तुम्हीही संकोच करू नका. स्वतःचा धंदा असलेल्यांचा हिशेब मात्र वेगळा असतो, त्यांचे संपलेले आर्थिक वर्ष पाहतात आणि त्या उत्पन्नाला बचतीची जोड देता येत नाही.

"यांचा तिकडचा पगार धरत नाहीत का?" हा प्रश्न दबक्या आवाजात येतो. नाही धरत. माझे पती सांगलीत अकरा वर्षे शिकवत होते आणि त्यांच्या पगारावर त्यांचे घर चालत होते, पण या अर्जात त्याची किंमत शून्य होती. इथली नोकरी हातात असली तरी तीही धरत नाहीत. त्यांनी ते निमूटपणे सोसले, पण एका भल्या, कमावत्या माणसाला बायकोच्या पेस्लिपांची वाट पाहत ठेवणे सोपे नसते, आणि ही गोष्ट घरात मोकळेपणाने बोलून घ्यावी असे मला वाटते.

ज्यांना अपंगत्वाचे किंवा कोणाची काळजी घेण्याबद्दलचे ठरावीक सरकारी भत्ते मिळतात त्यांना २९,००० ची अट लागत नाही, घर पुरेसे चालते एवढे दाखवावे लागते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये किमान उत्पन्नाची अट कायदेशीर ठरवली, पण मुलांच्या हिताचा आणि उत्पन्नाच्या इतर मार्गांचा विचार नियमांत पुरेसा नाही असेही म्हटले. त्यानंतर अपवादात्मक परिस्थितीत नातेवाइकांच्या मदतीचा विचार करण्याची तरतूद झाली. तुमच्या बाबतीत लहान मुलाचा प्रश्न असेल, तर मात्र माझ्यासारखीच्या अनुभवावर विसंबू नका, अधिकृत सल्लागाराकडे जा.

जूनची पेस्लिप आली आणि जुलैच्या मध्यावर मी अर्ज भरला, कारण कागद अर्जाच्या तारखेआधीच्या २८ दिवसांतले लागतात. बाहेरून अर्ज केल्यास पहिला व्हिसा २ वर्षे ९ महिन्यांचा मिळतो आणि मुदतवाढीच्या वेळी उत्पन्न पुन्हा दाखवावे लागते, म्हणून पेस्लिपांची ती निळी फाईल मी बंद केलेली नाही. त्या वेळी मात्र इथे कमावलेला त्यांचा पगारही धरतील. गेल्या महिन्यापासून फाईलमध्ये माझ्या पेस्लिपेमागे त्यांचीही लागते आहे.