आमची वाटचाल : चौदा मिलिमीटर, सोळा मिलिमीटर आणि परत चौदा

जळगावात गिटार बनते म्हटलं की समोरचा आधी हसतो. केळी, सोनं, भरताची वांगी इथपर्यंत ठीक. गिटार कुठून आली? आली ती नानांच्या सुतारकामातून. नाना म्हणजे माझे वडील. चौकटी, दारं, देव्हारे हे त्यांचं काम. कॉलेजात असताना मित्राची गिटार मी त्यांच्यापुढे ठेवली, तिची घोडी, म्हणजे तारा जिला अडकवतात ती लाकडी पट्टी, उखडली होती. त्यांनी भोकातून हात घालून आतल्या पट्ट्या चाचपल्या आणि म्हणाले, "अरे, हे तर छप्परच आहे. वासे आतून लावलेत एवढंच."

पुढची सहा-सात वर्षं नुसती दुरुस्ती. प्लायच्या स्वस्त गिटारी उघडून उघडून आम्ही शिकलो. मग एमआयडीसीत भाड्याची शेड, दोन कारागीर आणि पहिल्या तीस गिटारी. पुढची फळी स्प्रूस लाकडाची, पाठ आणि बाजू शिसवीच्या. पुढच्या फळीला आम्ही सतारवाल्यांचाच शब्द वापरतो, तबली. जाडी २.८ मिलिमीटर. तिच्या पोटाला फुलीच्या आकारात दोन मुख्य पट्ट्या, उंची १४ मिलिमीटर. ही फुली आमची नव्हे. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीच्या गिटारींत ती १८४०च्या दशकापासून आहे.

तीसच्या तीस खपल्या. जून-जुलै उजाडला आणि सात परत आल्या. घोडीमागे तबली फुगलेली, तारा दांडीपासून इतक्या वर की दाबताना बोटं दुखावीत. बाहेरगावच्या एका दुकानदाराने फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पैसे परत दिले. त्या महिन्यात कारागिरांचा पगार नानांच्या दाराच्या कामातून निघाला.

घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केलं, सगळं जाड केलं. पट्ट्या १६ मिलिमीटर, तबली ३.२, घोडीखालची आतली चकती मॅपलची होती ती शिसवीची आणि दुप्पट मोठी. वरून पीयू पॉलिशचे भरपूर हात, काचेसारखी चमक. पावसाळ्यात चिकटवलेल्या या लॉटमधली दिवाळीपर्यंत एकही परत आली नाही. मी खूश.

दिवाळीनंतर अमळनेरचे एक दादा आले. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतात, पहिल्या लॉटमधली एक त्यांच्याकडे होती. भावासाठी दुसरी घ्यायला आले होते. नवी मांडीवर घेतली, जाड तार छेडली, थांबले, परत छेडली. मग आपली जुनी काढून तोच स्वर वाजवला. जुनीचा खर्ज छातीला लागत होता. नवीचा आवाज स्वच्छ, सरळ आणि जागच्या जागी. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "हाई त खोकं शे भो!"

दोन मिलिमीटरने एवढं होतं? नानांना विचारलं. ते म्हणाले, वासा कधी आडवा टाकतात का? उभाच टाकतात. खरं गणित तेच आहे. पट्टीची रुंदी वाढवली तर ताठपणा त्याच प्रमाणात वाढतो, पण उंची वाढवली तर घनाने. १४च्या १६ केल्यावर लाकूड सातव्या हिश्शाने वाढलं आणि ताठपणा जवळजवळ दीडपट झाला. तबलीचंही तसंच, २.८ची ३.२ म्हणजे पुन्हा दीडपट. मला वाटत होतं मी थोडं जाड केलंय. प्रत्यक्षात तबलीला हलूच दिलं नव्हतं. बारीक तारांचं ती सबंध न हलताही एक वेळ चालतं. खर्जाला मात्र सबंध तबली पुढे-मागे व्हावी लागते. त्यात मोठी चकती आणि पीयूचा थर, म्हणजे वर आणखी वजन.

मग वाचायला लागलो, तर हा खड्डा मोठमोठ्यांनी आधीच पाहिलेला. मार्टिनमध्ये पट्ट्या मधे खोलगट कोरून हलक्या करत. लोक जाड तारा चढवू लागले, फुगलेल्या तबल्या दुरुस्तीला येऊ लागल्या आणि १९४४मध्ये त्यांनी कोरणं बंद केलं. कोरलेल्या पट्ट्या नियमित मॉडेलमध्ये परत आल्या त्या १९७६मध्ये, एचडी-२८ या गिटारीत. बत्तीस वर्षं! मधल्या काळात त्यांनीही चकती मॅपलऐवजी शिसवीची आणि मोठी केली, आणि नंतर परत लहान मॅपलवर आले. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने सत्तरच्या दशकात एका फुलीच्या दोन फुल्या केल्या. त्या काळातल्या गिटारींबद्दल वाजवणारे अजून नाक मुरडतात. कारखान्यात डिझाइन बरेचदा कानाच्या नव्हे, परत आलेल्या मालाच्या सांगण्यावरून बदलतं. मला त्यांना हसायचा हक्क नाही.

पण पट्ट्या बारीक केल्या तर फुगवटा परत येणार, ही भीती होतीच. उत्तर पुढच्या मे महिन्यात मिळालं. पारा ४५ला, आणि त्या भक्कम लॉटमधल्या दोघींच्या पाठी उभ्या तडकल्या. सोळाच्या पट्ट्या असूनही! तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. पहिला लॉट आम्ही कोरड्या उन्हाळ्यात चिकटवला होता, तो पावसात फुगला. दुसरा पावसात चिकटवला, तो उन्हाळ्यात आकसून फाटला. पट्टी लाकडाला आडवी चिकटलेली. लाकूड रुंदीत पसरतं-आकसतं, पट्टी जागची हलत नाही. दोष जाडीचा नव्हता, आमच्या हवेचा होता.

शेडमध्ये दहा बाय बाराची खोली बंद करून घेतली. आर्द्रता मोजायचं घड्याळ भिंतीवर. पावसाळ्यात आत ओल शोषणारं मशीन, उन्हाळ्यात तोच आपला कूलर, काटा ४५ ते ५० टक्क्यांमध्ये राहील इतकाच चालवायचा. लाकूड तिथे आठवडेच्या आठवडे मुरतं, मगच सरस लागतो. कूलर आमच्यासाठी नाही, लाकडासाठी आहे, याचं कारागिरांना अजून वाईट वाटतं.

मग पट्ट्या परत १४वर आणल्या, टोकाकडे कोरल्या, चकती लहान मॅपलची, पॉलिश पातळ. कोरताना नाना शेजारी बसतात. तबली दोन बोटांत वर धरायची आणि माठ घेताना वाजवतो तशी वाजवायची. सुरुवातीला 'टक' येतं. पटाशीने कागदाएवढी साल काढायची, परत वाजवायची. हळूहळू 'टक'चं 'टुंग' होतं आणि नाद जास्त वेळ टिकतो. कुठे थांबायचं याचं माप माझ्याकडे नाही. नाना हात धरतात तेव्हा थांबायचं. एकदा मी त्यांचं न ऐकता दोन साली जास्त काढल्या; त्या गिटारीचा खर्ज ढोलासारखा घुमतो आणि सूर फुटतो. ती शेडमध्येच खुंटीला आहे.

नाजूकपणाची किंमत आहेच. गिटारीसोबत कार्ड देतो, १२ नंबरच्या संचापेक्षा (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंचाची) जाड तारा लावू नका. १२ नंबरच्या सहा तारांचाच ओढा साधारण ७० किलो भरतो. तरी लोक लावतात आणि वर्षाला एक-दोन दुरुस्तीला येतातच. ते आम्ही धरून चालतो.

त्या सोळाच्या लॉटवाल्यांना आम्ही निरोप दिले : घेऊन या, भोकातून हात घालून पट्ट्या फुकट तासून देतो. बरेच आले. धुळ्याच्या एका काकांनी मात्र साफ नकार दिला. गिटार मोटरसायकलला बांधून शिरपूरपर्यंत पावसातून नेली, तिला काही झालं नाही म्हणाले. "आवाजाचं तू बघ बाबा, माझीला हात लावू नको."