तीन उचला, दोन परत ठेवा: ब्रेनस्टॉर्मचा हिशेब

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातल्या, जवळजवळ सर्व जुनी पाने चालणाऱ्या ‘लेगसी’ प्रकारात सर्वात उपयोगी पान कोणते, असे मुरलेल्या खेळाडूंना विचारले, तर बहुतेकांच्या तोंडी ‘ब्रेनस्टॉर्म’चे नाव पहिल्या दोन-तीन नावांत येते. तेच पान नुकत्याच खेळू लागलेल्या माणसाच्या हाती दिले, तर तो ते दोनदा वाचतो आणि यात एवढे काय आहे, असे विचारतो. माझ्या मते दोघेही बरोबर आहेत. नवख्या माणसाच्या डेकमध्ये, म्हणजे त्याने स्वतः निवडलेल्या पानांच्या गड्डीत, हे पान खरोखरच सामान्य असते आणि मुरलेल्या खेळाडूच्या डेकमध्ये ते खरोखरच असामान्य असते, कारण या पानाची किंमत त्याच्यावर छापलेल्या मजकुरात फार थोडी आहे. ती साठ पानांच्या डेकमधल्या, त्याच्या चार प्रती सोडून उरलेल्या छप्पन्न पानांत आणि ते खेळण्याच्या क्षणात आहे.

मजकूर अगदी छोटा आहे. एक निळा माना (माना म्हणजे पाने खेळण्यासाठी खर्चायची शक्ती) खर्च करायचा, डेकवरून तीन पाने उचलायची आणि मग हातातली कोणतीही दोन पाने आपल्याला हव्या त्या क्रमाने डेकच्या वर परत ठेवायची. हे पान ‘इन्स्टंट’ आहे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पाळीतही खेळता येते. ते १९९५ साली ‘आइस एज’ या संचात, सहज मिळणाऱ्या ‘कॉमन’ दर्जात आले. त्याच्या मागे उभी असलेली सावली १९९३ च्या ‘अल्फा’ संचातल्या ‘अँसेस्ट्रल रिकॉल’ची आहे. तेही एका निळ्या मानात तीन पाने देते, पण परत काही मागत नाही, आणि म्हणूनच लेगसीत त्याला मज्जाव आहे, तर ‘व्हिंटेज’ या दुसऱ्या प्रकारात डेकमागे एकच प्रत ठेवता येते.

हाताची नुसती मोजदाद केली, तर ब्रेनस्टॉर्ममध्ये ना नफा ना तोटा: ते खेळताना हातातले एक पान जाते, तीन येतात, दोन परत जातात, म्हणजे हात होता तेवढाच राहतो. अँसेस्ट्रल रिकॉलमध्ये तोच हात दोन पानांनी वाढतो. रमी खेळलेल्याला ही अदलाबदल ओळखीची वाटेल, पण रमीत टाकलेले पान आपल्या डोक्यावरून उतरते. इथे नको असलेली दोन पाने नेमकी आपल्याच पुढच्या दोन उचलींवर येऊन बसतात. हा फरक किती महाग पडतो, ते नीट मांडून पाहण्यासारखे आहे.

समजा, डेकवर अनुक्रमे अ, ब आणि क ही पाने आहेत आणि माझ्या हातात ब्रेनस्टॉर्मखेरीज दोन निकामी पाने आहेत. मी ब्रेनस्टॉर्म खेळलो, अ, ब, क उचलली आणि निकामी दोन वर ठेवली. पुढच्या दोन पाळ्यांत मी तीच निकामी पाने पुन्हा उचलणार. आता ब्रेनस्टॉर्मच्या जागी ‘एक पान उचला’ एवढेच म्हणणारे एखादे साधे पान असते, तर काय झाले असते? मला आज अ मिळाले असते, उद्या ब, परवा क, आणि निकामी दोन पाने हातातच राहिली असती. दोन पाळ्यांनंतरचे दोन्ही हात ताडून पाहिले, तर ते तंतोतंत सारखे निघतात. याचा अर्थ, मध्ये डेक पिसला गेला नाही, तर ब्रेनस्टॉर्म हे एका मानात एक पान देणारे साधे पान आहे; फक्त ब आणि क थोडे लवकर दिसतात एवढाच लाभ. तो लाभ अगदीच शून्य नव्हे, पण त्यासाठी एवढा डांगोरा पिटण्याचे कारण नाही.

आता त्याच मांडणीत एक गोष्ट बदलू. दोन निकामी पाने वर ठेवली आणि ती उचलायची वेळ येण्याआधी डेक पिसला. ती पाने डेकमध्ये हरवली आणि पुढच्या दोन उचलींत त्यांच्या जागी दोन अनोळखी, सरासरी बरी पाने आली. आता माझ्याकडे अ, ब, क आहेत आणि वर दोन ताजी पाने; म्हणजे दोन निकामी पानांचे मी दोन कामाच्या पानांत रूपांतर केले. अँसेस्ट्रल रिकॉलच्या हे इतके जवळ जाते, की दोन्ही पानांची किंमत सारखीच, म्हणजे एक निळा माना, हे आठवून जरा थबकायला होते.

हे पिसणे जवळजवळ फुकटात पुरवणारी पाने म्हणजे ‘फेच लँड’ (लँड म्हणजे माना पुरवणारे पान). त्यातली पाच २००२ च्या ‘ऑन्स्लॉट’ संचात आली आणि उरलेली पाच २००९ च्या ‘झेंडिकार’ संचात. एक आयुष्य-गुण मोजायचा, ते लँड फोडायचे, डेकमधून ठरावीक प्रकारचे दुसरे लँड शोधून मांडायचे आणि मग डेक पिसायचा. आइस एज आले तेव्हा ही सोय नव्हती. म्हणजे पान छापल्यानंतर सात वर्षांनी, त्यावरचे एक अक्षरही न बदलता, त्याचा उपयोग कितीतरी पटींनी वाढला. पानावर काय लिहिले आहे एवढेच पाहून १९९५ साली त्याला गुण देणाऱ्या कोणाचाही अंदाज चुकला असेल, तर त्याला दोष देता येणार नाही.

म्हणून ब्रेनस्टॉर्मचे मोल करताना मी पहिल्यांदा डेकमधली फेच लँड मोजतो. साठ पानांच्या डेकमध्ये दहा फेच लँड असतील, तर सुरुवातीच्या सात पानांत त्यांपैकी किमान एक येण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के असते आणि पहिल्या दहा पानांत ती सुमारे ८६ टक्क्यांवर जाते. पिसणारी पाने चारच असतील, तर दहा पानांतला तोच आकडा ५३ टक्क्यांच्या आसपास उतरतो. यात आणखी एक मेख आहे. फेच लँड येणे पुरेसे नाही. ब्रेनस्टॉर्म खेळण्याच्या वेळी ते न फोडलेले असले पाहिजे. पहिल्या पाळीपासून हाताला येईल ते लँड लगेच फोडण्याची सवय असलेल्या खेळाडूने दहा फेच लँड ठेवली काय आणि चार ठेवली काय, ब्रेनस्टॉर्मपुरता फारसा फरक पडत नाही.

दुसरा प्रश्न निकामी पानांचा. पान निकामी ठरते ते परिस्थितीने: सहावे-सातवे लँड, ज्या प्रतिस्पर्ध्याकडे प्राणीच नाहीत त्याच्यासमोर हातात अडकलेले प्राणी मारण्याचे पान, किंवा एका वेळी एकच मांडता येते अशा दंतकथेतल्या पात्राची दुसरी प्रत. पहिल्या पाळीला हातात असली पाने क्वचितच असतात, कारण सामना कुठे जाणार हेच अजून ठरलेले नसते. म्हणून पहिल्या पाळीला, केवळ माना मोकळा आहे या कारणाने ब्रेनस्टॉर्म खेळणे मला उधळपट्टी वाटते. हात एका लँडवर अडला असेल आणि दुसरे मिळाले नाही तर सामनाच संपणार असेल, तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही फेच लँड न सापडता दोन नको असलेली पाने डोक्यावर बसण्याचा धोका असतोच, आणि खेळाडू त्याला स्वतःला कुलूप लावून घेणे म्हणतात ते काही उगाच नाही.

पहिल्या पाळीचे काम ‘पाँडर’ अधिक चांगले करते. २००७ च्या ‘लॉर्विन’मधले हे पान वरची तीन पाने दाखवते, हवी तशी लावू देते, पसंत नसतील तर पिसू देते आणि मग एक पान उचलू देते. पिसण्याची सोय त्याच्या पोटातच आहे. त्याउलट ते ‘सॉर्सरी’ असल्यामुळे फक्त आपल्याच पाळीत खेळता येते आणि हातात आधीच अडकलेल्या पानाला हातही लावू शकत नाही. फेच लँड नसलेल्या डेकमध्ये मी ब्रेनस्टॉर्मच्या आधी पाँडर घेईन आणि त्यानंतर तशाच धर्तीचे ‘प्रीऑर्डेन’. हे क्रम लावताना मला फारसा विचारही करावा लागत नाही.

इन्स्टंट असण्याचा खरा फायदा प्रतिस्पर्ध्याच्या चालीला उत्तर देताना होतो. समोरच्याने ‘थॉटसीझ’ खेळून आपला हात पाहायचे आणि त्यातले एक पान टाकायला लावायचे ठरवले, तर त्याला उत्तर म्हणून ब्रेनस्टॉर्म खेळून सर्वात मोलाची दोन पाने डेकवर लपवता येतात. इथे परत ठेवायची पाने निकामी नसून उलट सर्वोत्तम असतात, आणि त्यानंतर चुकूनही पिसायचे नसते. प्रतिस्पर्ध्याच्या पाळीच्या अखेरीस ते खेळण्याची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. हातात एकच निकामी पान असेल, तर चांगले पान वर आणि निकामी पान त्याखाली ठेवावे, आपल्या पाळीत चांगले पान उचलावे आणि मग फेच लँड फोडावे. निकामी पान दोन असतील, तर मात्र अशी घाई नडते, कारण उचलण्याआधी पिसले नाही तर त्यातले एक हातात परत येणारच.

काही डेकमध्ये तर ‘परत ठेवणे’ हाच मूळ हेतू असतो. २०१२ च्या ‘ॲव्हासिन रिस्टोर्ड’मधले ‘टर्मिनस’ हे सर्व प्राण्यांना डेकच्या तळाशी पाठवणारे पान हातातून खेळायला सहा माना लागतात, पण त्या पाळीत उचललेले पहिलेच पान ते असेल, तर एका पांढऱ्या मानात काम होते. ब्रेनस्टॉर्मने ते हातातून उचलून डेकवर ठेवता येते. ‘डेल्व्हर ऑफ सीक्रेट्स’ या प्राण्याला रूप बदलण्यासाठी पाळीच्या आरंभी डेकवर इन्स्टंट किंवा सॉर्सरी हवी असते, तीही अशीच लावून ठेवता येते. आणि डेकमधूनच ओढून आणायचा एखादा अजस्र प्राणी दुर्दैवाने हातात आला, तर त्याला घरी पाठवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

व्हिंटेजमध्ये जून २००८ मध्ये ब्रेनस्टॉर्मवर एका प्रतीची मर्यादा आली. संगणकावरच्या ‘अरीना’मधील ‘हिस्टॉरिक’ प्रकारात ते २०२१ मध्ये आले आणि त्याच वर्षी बाहेरही गेले. ‘मॉडर्न’मध्ये ते कधीच नव्हते. लेगसीत मात्र चारही प्रती चालतात, आणि त्या काढून टाकाव्यात की नाही हा वाद जुना आहे. त्या राहाव्यात, असे माझे मत आहे, कारण कौशल्याचा एवढा दाट अंश एका मानाच्या पानात क्वचितच सापडतो. ‘पॉपर’मध्ये कॉमन दर्जाचीच पाने चालत असल्याने ही फेच लँड मिळत नाहीत आणि पिसण्यासाठी ‘इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स’सारख्या संथ पानांवर भागवावे लागते, तिथे ब्रेनस्टॉर्म चांगले आहे, पण लेगसीतल्यासारखे सर्वव्यापी नाही. ‘कमांडर’च्या शंभर पानांच्या डेकमध्ये पिसण्याची साधने पुरेशी नसतील, तर मी ते सरळ वगळतो.

शेवटी समोरच्या टेबलावर काय आहे, याचा विचार केल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. २०१९ मधली ‘नार्सेट, पार्टर ऑफ व्हेल्स’ प्रतिस्पर्ध्याला एका पाळीत एकाहून अधिक पान उचलू देत नाही. ती समोर असताना आपल्या पाळीत नेहमीचे पान उचलून झाल्यावर ब्रेनस्टॉर्म खेळले, तर एकही नवे पान मिळत नाही, आणि दोन मात्र परत ठेवावीच लागतात. २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या ‘ऑर्किश बोमास्टर्स’ने तर पानाची किंमतच नव्याने ठरवली. उचलण्याच्या टप्प्यातले नेहमीचे पहिले पान सोडून आपण जे जे पान उचलू, त्या प्रत्येकासाठी ते एक गुणाचा घाव घालते आणि समोरच्याची ऑर्क सेना एकेकाने वाढवते. म्हणजे एका ब्रेनस्टॉर्मपायी तीन घाव आणि तीनने वाढलेली सेना. वर हे पान दोन मानाचे असून इन्स्टंटसारखे अचानक मांडता येते, त्यामुळे ब्रेनस्टॉर्म खेळल्यावर त्याच्या उत्तरादाखल ते येऊ शकते. समोर काळ्या रंगाची दोन लँड मोकळी दिसली आणि माझ्या बाजूला एका गुणाच्या घावाने मरणारे प्राणी असले, तर मी आता ब्रेनस्टॉर्म हातात धरून ठेवतो, ते खेळण्यासाठी समोरच्याचा माना दुसरीकडे खर्च होण्याची वाट पाहतो आणि दुसऱ्या डावापूर्वी एखादी प्रत बाजूला काढायलाही संकोच करीत नाही.