तुम्ही विचारलंत म्हणून : एनसीसीचे वेगळे किती मिळतात?

रविवारी सकाळी एनसीसीची परेड सुटली की मैदानाच्या कडेला थांबलेले पालक, गावी आलेले जुने विद्यार्थी आणि आमच्याच शाळेत नव्याने लागलेले शिक्षक मला हमखास विचारतात, "सर, ह्याचे वेगळे किती मिळतात?" उत्तर ऐकले की लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग इतकी वर्षे टिकलात कसे?" पहिल्याचे उत्तर एका ओळीत संपते. शाळेत शिकवून एनसीसीही सांभाळणाऱ्या आम्हा शिक्षकांना त्या कामाचा पगार नव्हे, मानधन मिळते. ते कागदोपत्री दरमहा असले तरी माझ्या अनुभवात बिले साचत जातात आणि कित्येक महिन्यांची रक्कम एकदम जमा होते, म्हणून घरखर्चाच्या हिशेबात मी ती कधी धरलीच नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र थोडा वेळ द्यावा लागेल.

राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजेच एनसीसी, 1948 च्या कायद्याने उभी राहिली. तेव्हापासून शाळेतल्या ट्रूपचा, म्हणजे कॅडेटांच्या तुकडीचा, भार सैनिकावर नसून शिक्षकावर आहे. त्याला असोसिएट एनसीसी ऑफिसर, आमच्या बोलण्यात एएनओ, म्हणतात. पुरुष शिक्षकांचे प्रशिक्षण नागपूरजवळच्या कामठीच्या अकादमीत होते आणि शिक्षिकांचे ग्वाल्हेरला. घरदार सोडून कित्येक आठवडे तिथे पहाटे पळायचे, रायफल उघडून जोडायची, ड्रिलचे शब्द घसा बसेपर्यंत ओरडायचे आणि थर्ड ऑफिसर हा पहिला हुद्दा घेऊन परत आठवी-ब च्या वर्गात भूगोल शिकवायला उभे राहायचे. बटालियनचा हवालदार, म्हणजे पीआय स्टाफ (सैन्यातून आलेला प्रशिक्षक), परेडला येतो, उत्तम शिकवतो. पण त्याची नेमणूक दोन-तीन वर्षांची असते आणि पगार सैन्याचा असतो. तो बदलून जातो, ट्रूप माझ्याकडेच राहतो.

लोकांना वाटते, काम म्हणजे परेड. खरे काम कपाटातल्या फायलींत आहे. गणवेशाचे पैसे थेट कॅडेटच्या खात्यात जमा होऊ लागले, ही सुधारणा चांगलीच झाली. पण त्यासाठी प्रत्येक मुलाचे खाते उघडायचे, आधारवरचे नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधले नाव जुळवायचे, हे कोणी करायचे? एका वर्षी माझ्या नॉमिनल रोलमध्ये, म्हणजे कॅडेटांच्या नावांच्या यादीत, एकाच मुलीचे नाव तीन कागदांवर तीन प्रकारे होते. तिच्या वडिलांची मजुरी बुडू नये म्हणून संध्याकाळी बँकेचा प्रतिनिधी बसतो त्या किराणा दुकानात मी तिला घेऊन दोनदा गेलो. परेडनंतरची केळी आणि उसळही आधी आपल्या खिशातून आणायची, मग बिल लावायचे. बिलावर दुकानदाराचा शिक्का नसेल तर ते परत येते, आणि केळीवाल्या मावशींकडे शिक्का कुठून असणार?

तरीही, लोक पैशासाठी सोडतात असे मला वाटत नाही. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेतला माझा मित्र बारा वर्षे एएनओ होता. दिवाळीच्या सुटीत दहा दिवसांचा कॅम्प करून तो परतला आणि मुख्याध्यापकांनी त्याला ऐकवले, "तुम्ही फिरून आलात, आता राहिलेले पेपर तपासा." त्याने त्याच आठवड्यात राजीनामा लिहिला. मानधन शासन देते, शिस्त बटालियन पाहते आणि तासिकांचे वेळापत्रक शाळा ठरवते. तिघांपैकी एकालाही हा माणूस आपला वाटत नाही. एनसीसीसाठी आठवड्याला चार तासिका जरी कमी झाल्या असत्या, तरी माझा मित्र आज गणवेशात दिसला असता, अशी माझी खात्री आहे.

त्यात भरतीचे दुखणे. महाराष्ट्रात 2012 पासून अनेक वर्षे शिक्षकभरती जवळजवळ थांबलेली होती. ज्या वयाचा माणूस कामठीला आनंदाने जातो, त्या वयाचे शिक्षक स्टाफरूममध्ये दिसेनासे झाले. आता जे येतात ते आधी तीन वर्षे शिक्षणसेवक. माध्यमिकला त्यांचे मानधन 2023 मध्ये आठ हजारांवरून 18,000 झाले, तरी त्यावर भाड्याच्या खोलीत संसार करणाऱ्याला मी रविवार मागायचा तरी कसा? मग जुना एएनओ निवृत्त झाला की प्रशिक्षण न घेतलेला कोणीतरी 'केअरटेकर' म्हणून सही करतो, आणि ट्रूप कागदावर चालू राहतो.

अमेरिकेतल्या शाळांत अशाच जेआरओटीसी कार्यक्रमाला निवृत्त सैनिक पूर्णवेळ नेमतात. तिथे 1964 च्या कायद्यानंतर अनेक दशके रीत अशी होती, की त्याचे निवृत्तिवेतन आणि सेवेत असता तर मिळाला असता तो पगार यांतला फरक शाळेने द्यायचा आणि त्यातला निम्मा वाटा सैन्याने शाळेला परत करायचा. रकमेपेक्षा मला हेवा वाटतो तो याचा, की त्या माणसाचे ते एकच काम आहे. आपल्याकडेही कॅडेटांची संख्या सुमारे 17 लाखांवरून 20 लाखांवर नेताना माजी सैनिकांना प्रशिक्षक म्हणून घेण्याचा विचार पुढे आला आहे. ते जरूर यावेत. ड्रिल ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगले शिकवतील. फक्त, दसऱ्यानंतर रांगेतली सहा मुले अचानक का गळतात, हे त्यांना कोणीतरी सांगावे लागेल. ती आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात आणि हजेरीपटावरून नाव काढले की परत आल्यावर मैदानाकडे फिरकत नाहीत. मी ती नावे पेन्सिलीने लिहून ठेवतो.

माझ्या निवृत्तीला चार वर्षे आहेत. गेल्या महिन्यात विज्ञानाच्या एका तरुण शिक्षकाला मी विचारले, माझ्यानंतर ट्रूप घ्याल का? त्यांनीही आधी मानधनच विचारले. मी आकडा सांगितला. ते थोडे थांबले आणि म्हणाले, "तासिका कमी करून मिळतील का?" मी मुख्याध्यापकांना पत्र दिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.