ग्वाल्हेरचं लक्षात राहिलेलं तापमान

जयविलास पॅलेसबद्दल फार लिहीत नाही. दरबार हॉलमधली साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरं डोळे भरून बघायची होती, पण सेल्फीवाल्यांनी धड मान वर करू दिली नाही. त्यात जानेवारीतली थंडी. शहराच्या लष्कर भागात आत्याकडे परतताना रस्त्याकडेला गाडिया लोहारांची भट्टी दिसली, म्हटलं जरा शेकून घेऊ. तिथेच तासभर रेंगाळले.

नवरा सांडशीत कुऱ्हाडीचं पातं धरून बसलेला, घण मात्र बायकोच्या हातात. पातं निखाऱ्यांतून काढलं की तो त्यावर पंजा आडवा धरून सावलीत निरखायचा. का, तर "धूप में लाल दिखता नहीं." मग परत निखाऱ्यांत. "अभी लाल है, पीला होने दो." पिवळं झालं की दणादण चार-सहा घाव. तेवढ्यात ते नारिंगी, मग काळपट लाल.

थर्मामीटर कशाला हवा? लोखंड घ्या, दगड घ्या, साधारण ५२५ अंश सेल्सियसला अंधारात पहिली लाली दिसते. ८०० च्या आसपास लालभडक, ११०० ला पिवळं, १३०० च्या पुढे पांढरट. तिथे पोलाद ठिणग्या उडवत जळायलाच लागतं. तापमान वाढलं की प्रकाशाचा जोर लाल टोकाकडून निळ्याकडे सरकतो. मधे हिरवा का नाही? कारण जोर हिरव्यापर्यंत पोचतो तोवर लाल-निळाही भरपूर असतो आणि डोळ्याला सगळं मिळून पांढरं दिसतं. साडेपाच हजार अंशांचा आपला सूर्य तसाच. हे गणित जुळवताना भल्याभल्यांची दमछाक झाली. शेवटी १९०० साली माक्स प्लांकने ऊर्जा सुट्या पुड्यांत मोजली, तेव्हा कुठे ते सुटलं.

आत्याच्या घरात मात्र दवाखान्यासारखा पांढराफटक उजेड. दिव्याच्या खोक्यावर तापमान ६५०० केल्विन, 'कूल'! २७०० चा पिवळा तो म्हणे 'वॉर्म'. एलईडी स्वतः एवढा तापत नाही, हे कबूल. तेवढी तापलेली वस्तू ज्या रंगाची दिसेल, त्या रंगाचा उजेड, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. पण मग जास्त आकड्याला थंड म्हणायचं, हा कुठला न्याय? मी तिथल्या तिथे पिवळे दिवे आणून द्यायची तयारी दाखवली.

"नको गं बाई," आत्या म्हणाली, "पिवळ्या उजेडात तांदळातले खडे दिसत नाहीत."

आणि ताट माझ्यापुढे सरकवलं.