एकच हेलिकॉप्टर दोनदा का केलं?

छंदप्रदर्शनात माझ्या टेबलावर एमआय-२४ या सोव्हिएत लढाऊ हेलिकॉप्टरची दोन मॉडेलं शेजारी शेजारी ठेवली होती. रशियन झ्वेझ्दा कंपनीचं १/४८ चं किट (म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं), दोन्हींचं कॅमोफ्लाज एकच, वाळूच्या रंगावर हिरवे पट्टे आणि पोटाखाली फिकट निळा. "हे अपाची का?" (ते अमेरिकन लढाऊ हेलिकॉप्टर) हा प्रश्न संपला की दुसरा ठरलेला: "एकच हेलिकॉप्टर दोनदा का केलं?" मागे रांग लागलेली असताना याचं उत्तर धड देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मी अंबड एमआयडीसीत क्वालिटीत आहे. आमच्याकडे प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात रेव्हिजन टेबल असतं. रेव्ह ए, रेव्ह बी, तारीख, काय बदललं आणि का बदललं. 'का'च्या रकान्यात बहुतेक वेळा कुणाची तरी तक्रार असते. पार्ट कसाही असो, मी आधी ते टेबल वाचतो. त्याच सवयीने मी या हेलिकॉप्टरकडे बघतो. डावीकडचं मॉडेल अफगाणिस्तानातल्या युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांतलं आहे, उजवीकडचं १९८७ चं. मधल्या काळात अंगावर जे जे चिकटवलं गेलं, त्यातलं बरंचसं कुणीतरी मेल्यामुळे चिकटवलं गेलं. तिथे तक्रार करणारा बहुधा परत आलेला नसायचा, एवढाच फरक.

मूळ यंत्र सोव्हिएत हेलिकॉप्टर-अभियंते मिखाईल मिल यांच्या डोक्यातलं. पायदळाची आर्मर्ड गाडी उडवायची: आठ सैनिक पोटात घ्यायचे, रॉकेटं सोडत जायचं, सैनिक उतरवायचे, वरून संरक्षण द्यायचं. पहिलं उड्डाण सप्टेंबर १९६९ मध्ये झालं आणि १९७० च्या जानेवारीत मिल गेले. सुरुवातीच्या आवृत्तीत वैमानिक आणि तोफची काचेच्या एकाच खोलीत बसायचे. नंतर पुढेमागे दोन घुमट आले, पुढे तोफची आणि त्याच्या मागे उंचावर वैमानिक, आणि त्याच तोंडाने हे हेलिकॉप्टर जगाला ओळखीचं झालं. मुख्य पंख्याचा व्यास १७.३ मीटर, म्हणजे माझ्या टेबलावर ३६ सेंटीमीटर. दोन शेजारी ठेवली की टेबलावर पाण्याच्या बाटलीलाही जागा उरत नाही.

एका मुलाने अगदी समोर वाकून पाहिलं आणि म्हणाला, "काका, हे वाकडं चिकटलंय." शाब्बास! ते वाकडंच आहे. रोटरचा दांडा उभ्या रेषेपासून अडीच अंश उजवीकडे कललेला असतो, शेपटीचा पंखा आडवं ढकलतो ते वेगात असताना सांभाळण्यासाठी. चांगले चांगले मॉडेलवाले हा बाक पुट्टी घालून सरळ करून टाकतात. त्या पोराला मी उरलेला एक डेकल (मॉडेलवर चिकटवायचं छापील चित्र) देऊन टाकला.

तर १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. हे हेलिकॉप्टर युरोपच्या सपाटीवर रणगाड्यांशी लढायला बनवलेलं, आणि पोहोचलं कुठे, तर जिथे विमानतळच समुद्रसपाटीपासून दीड-दोन किलोमीटर उंच. काबूल साधारण अठराशे मीटरवर, बगराम त्याहून थोडं खाली. उन्हाळ्यात हवा इतकी विरळ की दोन्ही इंजिनं पूर्ण ताकद देईनात. जागेवरून उभं उचलणं विसराच. वैमानिक विमानासारखे धावपट्टीवर पळत सुटायचे, शेपटी वर करून पुढच्या चाकांवर, आणि वेग आला की उचलायचे. वजन कमी करण्यासाठी सैनिक उतरवून ठेवले गेले. मिल यांची 'उडती गाडी' ही कल्पना तिथेच संपली. माणसं एमआय-८ हे वाहतुकीचं हेलिकॉप्टर नेणार आणि एमआय-२४ त्यांच्या आजूबाजूने राखण करणार, अशी वाटणी झाली.

आता रेव्हिजन एक. उजवीकडच्या मॉडेलच्या कपाळावर दोन गोल टोप्या दिसतील, इंजिनाच्या तोंडांवर बसवलेल्या. ते धुळीचे फिल्टर. आत जाणाऱ्या हवेला भोवऱ्यासारखं फिरवायचं म्हणजे जड कण बाहेर फेकले जातात. तिथली धूळ पिठासारखी, आणि टर्बाइनची पाती तिने अक्षरशः घासली जायची. या रेव्हिजनला शत्रू कारण नाही, नुसती जमीनच पुरली.

रेव्हिजन दोन, म्हणजे शेपटीजवळच्या अंगावरच्या डब्या. यांना एएसओ-२व्ही म्हणतात, आत फ्लेअर असतात. पेटलेलं काडतूस इंजिनापेक्षा जास्त तापतं आणि उष्णतेच्या मागे येणारं क्षेपणास्त्र त्याच्याकडे वळतं. आधी या डब्या शेपटीच्या दांड्याखाली पट्ट्यांनी बांधल्या होत्या, नंतर धडाच्या दोन्ही अंगांना तीन-तीन लागल्या. एका डबीत ३२ काडतुसं, प्रत्येक २६ मिलिमीटरचं. १/४८ मध्ये हे अर्ध्या मिलिमीटरच्या जरासं वर येतं, म्हणून मी प्लास्टिक शीटच्या डब्या कापल्या आणि पिन व्हाइसमध्ये (हाताने फिरवायच्या बारीक पकडीत) ०.५ चा ड्रिल धरून एकेक भोक पाडलं. ओळ जरा हलली की डबी फेकायची. हात दुखतो, पण या कामात एक गोष्ट लक्षात येते. हे संपणारं संरक्षण आहे. बटण दाबत राहिलं तर डब्या बघता बघता रिकाम्या होतात आणि परतीचा रस्ता अजून बाकी असतो. काबूलला मालवाहू विमान उतरताना एमआय-२४ ची जोडी त्याच्या बाजूने फ्लेअर उधळत जायची. ते दृश्य फोटोत दिवाळीसारखं दिसतं, पण आत बसलेल्यांना तसं वाटत नसणार.

रेव्हिजन तीन मला सगळ्यात आवडते, आणि बघणाऱ्यांना सगळ्यात कुरूप वाटते. धुराड्यावर बसवलेले मोठे खोके. डावीकडच्या मॉडेलवर इंजिनाचा धूर सरळ बाजूला पडतो, उजवीकडे तो खोक्यात जातो, तिथे बाहेरच्या थंड हवेत मिसळतो आणि वर, पंख्याच्या वाऱ्यात सोडला जातो. क्षेपणास्त्राला दिसणारी उष्णता यामुळे बरीच कमी होते. बदल्यात थोडी ताकद जाते, आणि ताकदीची तर आधीच मारामार. म्हणजे वैमानिकाने निवडायचं काय, डोंगरावर धडकण्याचा धोका की क्षेपणास्त्राचा? काजळी कुठे साचते तेही त्यामुळे बदललं. डावीकडच्या मॉडेलला मी कुशीवर काळा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, दिलाय, उजवीकडे खोक्यांच्या तोंडांवर आणि त्यांच्या वर.

चौथी रेव्हिजन पंख्याच्या मागे पाठीवर उभी आहे, फुलदाणीएवढी. तिला लिपा म्हणतात. आत तापलेला दिवा आणि भोवती फिरणारी झडप. उष्णता अशी लुकलुकते की क्षेपणास्त्राच्या डोळ्याला लक्ष्य नेमकं कुठे आहे ते कळेनासं होतं.

इथे जाणकार मंडळी स्टिंगरचं, म्हणजे खांद्यावरून सोडायच्या अमेरिकन क्षेपणास्त्राचं, नाव काढतात. प्रदर्शनातही एकांनी काढलं: "स्टिंगर आलं म्हणून हे सगळं लावलं ना?" नाही. खोके, दिवा, फ्लेअर ही सगळी तयारी त्याआधीची आहे, मुजाहिदीनांच्या, म्हणजे सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या अफगाण बंडखोरांच्या, हाती आलेल्या जुन्या स्ट्रेला-२ सारख्या खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांमुळे केलेली. आणि हेलिकॉप्टरं पाडण्यात त्याहून मोठा वाटा साध्या जड मशीनगनचा होता. १२.७ मिलिमीटरची डीएसएचके, सोव्हिएत सैनिकांच्या बोलीत दुश्का. दरीत हेलिकॉप्टर शिरलं की ही गन त्याच्या वर, कड्यावर असायची आणि गोळी वरून खाली यायची. चिलखत पोटाशी आणि वैमानिकाभोवती, मार मात्र पंख्याच्या मुळाशी. पंजशीरच्या दरीत मुजाहिदीन कमांडर अहमद शाह मसूदच्या माणसांनी वर्षानुवर्षं हेच केलं.

स्टिंगर आलं ते २५ सप्टेंबर १९८६ ला. जलालाबादच्या धावपट्टीजवळ इंजिनिअर गफार नावाच्या कमांडरची टोळी दबा धरून बसली होती आणि उतरायला आलेल्या एमआय-२४ वर त्यांनी क्षेपणास्त्रं सोडली. तीन पाडल्याचा त्यांचा दावा आहे. अमेरिकेने दिलेलं, पाकिस्तानच्या आयएसआयमार्फत आलेलं हे अस्त्र फ्लेअरला स्ट्रेलाइतकं सहज फसत नव्हतं. त्यानंतरची रेव्हिजन मॉडेलवर दाखवताच येत नाही, कारण ती धातूत झाली नाही. उडण्याच्या पद्धतीत झाली. हेलिकॉप्टरं जमिनीला चिकटून जाऊ लागली, रात्रीचं काम वाढलं, विमानं उंच गेली. खालच्या सोव्हिएत शिपायाला मिळणारी मदत त्यामुळे लांबून आणि घाईत मिळू लागली.

म्हणून स्टिंगरने युद्ध जिंकलं का? हे वाक्य फार लोकप्रिय आहे, मला पटत नाही. सोव्हिएत नेते गोर्बाचेव यांनी या युद्धाला 'वाहती जखम' म्हटलं ते १९८६ च्या फेब्रुवारीत, म्हणजे जलालाबादच्या सात महिने आधी. बाहेर पडायचं त्यांच्या मनात तेव्हाच होतं. शेवटच्या तुकड्या १५ फेब्रुवारी १९८९ ला आमू दर्यावरचा पूल ओलांडून परत गेल्या. सोव्हिएत आकड्यांप्रमाणे तोवर ३३३ हेलिकॉप्टरं गेली होती, आणि सुमारे पंधरा हजार सैनिक.

आता खालची बाजू. रॉकेटं कुठे पडत होती हे मॉडेलवर येत नाही, आणि टेबलाशी उभा राहणारा माणूसही वैमानिकाच्या जागी बसूनच बघतो. मीसुद्धा. पन्नास लाखांवर अफगाण लोक पाकिस्तान आणि इराणमध्ये पळाले. त्यांतल्या कित्येकांची गावं याच हेलिकॉप्टरांखाली होती. पण त्यांनीही याची मॉडेलं केली, आणि माझ्या मते आमच्यापेक्षा सरस. सोव्हिएत फौजा आल्यानंतर बलुची आणि तुर्कमेन विणकरांच्या गालिच्यांत रणगाडे, कलाश्निकोव्ह, हातबॉम्ब यायला लागले, आणि हेलिकॉप्टरं. विणणाऱ्या बहुतेक बायका. काही गालिचे निर्वासितांच्या छावण्यांत झाले आणि बाजारात परदेशी लोकांना विकले गेले. नक्षीत जिथे पूर्वी फुलं यायची तिथे रांगेने हेलिकॉप्टरं. मी फोटो मोठे करून करून बघितलेत. गाठींच्या पायऱ्यापायऱ्यांनी काढलेलं, तरी शेपटी आणि पंखा लगेच ओळखू येतात. कॅटलॉग नाही, ड्रॉइंग नाही, आठवणीवर विणलेलं.

आपल्याकडे ही जात आली ती एमआय-२५ आणि एमआय-३५ या नावांनी. प्रदर्शनात हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बराच वेळ उभे होते. "आम्ही अकबर म्हणायचो," म्हणाले, आणि फिल्टरच्या टोप्यांवर बोट टेकवलं (मी काही बोललो नाही, एरवी हात लावू देत नाही). भारताची एमआय-२५ श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर ऑपरेशन पवनमध्ये लढली, १२५ स्क्वाड्रनची. त्याच स्क्वाड्रनला ३ सप्टेंबर २०१९ ला पठाणकोटमध्ये अपाची मिळाली, त्यामुळे पहिला प्रश्न विचारणारे तसे अगदीच चुकीचे नव्हते. २०१५-१६ मध्ये भारताने आपली चार एमआय-२५ अफगाण हवाई दलाला दिली, नंतर आणखी काहींसाठी पैसे दिले. ऑगस्ट २०२१ मध्ये कुंदुझच्या विमानतळावर त्यांतलं एक तालिबानच्या हाती लागलं. पंख्याची पाती आधीच काढून नेलेली होती. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांच्यावर हे उडवलं त्या देशाला आपण तेच भेट द्यावं, आणि तिथल्या सरकारने घ्यावं, यातलं राजकारण मला कळतं, पण पचत नाही.

पुढच्या प्रदर्शनात दोन्ही हेलिकॉप्टरं एकाच तळावर बसवणार आहे, दरीत, आणि कडा त्यांच्याहून उंच. बघणाऱ्याने आधी कड्यावरून खाली बघायचं. थर्माकोल कापून झालाय, त्यावर प्लास्टर आणि गोदाकाठची चाळलेली वाळू. अडलंय ते वरच्या गनसाठी. कुणाकडे १/४८ मधली डीएसएचके तिकाटण्यासकट पडून असेल तर कळवा. १/३५ ची चालणार नाही, ती माझ्याकडे आहे.